सुटलेला व्यायाम, सायकल आणि गाण्यांचा हिशेब

पस्तिशी-चाळिशीनंतर व्यायाम पुन्हा सुरू करणारा माणूस पहिल्याच आठवड्यात हिशेब मांडून बसतो: किलोमीटर किती झाले, कॅलरी किती जळल्या, वजनकाटा किती सरकला. पहिले दोन-तीन महिने या तिन्ही आकड्यांत समाधान वाटावे असे फारसे काही नसते, आणि ज्यात समाधान नाही त्या कामासाठी पहाटे अंथरूण सोडणे फार दिवस जमत नाही. म्हणून येथे सांगितलेली सायकल चालवण्याची रीत एका अटीवर उभी आहे. पहिले तीन महिने अंतर मोजायचे नाही, वेग पाहायचा नाही, वजनकाट्यावर उभे राहायचे नाही. मोजायची ती फक्त गाणी. साधारण चित्रपटगीत किंवा भावगीत चार ते पाच मिनिटांचे असते, तेव्हा जाताना दोन आणि येताना दोन गाणी एवढीच पहिल्या आठवड्याची मजल ठेवावी. चौथे गाणे संपायच्या आत घर आले तर अंगणात एक चक्कर मारून ते पूर्ण करावे, पण पाचवे सुरू करू नये. मन भरण्याआधी थांबले की दुसऱ्या दिवशी सायकलकडे पाय आपोआप वळतात.

लयीवर शरीर चालवण्याची कला मराठवाड्याला नवी नाही. जात्यावरच्या ओवीने दळणाचे श्रम पिढ्यान्‌पिढ्या हलके केले, आणि पैठणहून पंढरपूरला निघणाऱ्या नाथांच्या पालखीबरोबर साठी ओलांडलेली माणसे आजही टाळ-मृदंगाच्या ठेक्यावर दिवसभराची मजल मारतात. सायकलच्या बाबतीत ही गोष्ट आकड्यांनी तपासली गेली ती १९११ मध्ये. लिओनार्ड आयर्स या अमेरिकन संख्यातज्ज्ञाने न्यूयॉर्कमधील सहा दिवसांच्या सायकल शर्यतीतल्या नोंदी पाहिल्या, तेव्हा बँड वाजत असताना स्पर्धकांचा सरासरी वेग ताशी १९.६ मैल आणि बँड थांबल्यावर १७.९ मैल असल्याचे त्याला आढळले. पुढे इंग्लंडमधील संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका छोट्या प्रयोगात पायडलची गती आणि संगीताची लय जुळवून पाहिली. किंचित संथ, न जुळणाऱ्या संगीताच्या तुलनेत जुळलेल्या लयीवर तेच काम करताना शरीराने सुमारे सात टक्के कमी प्राणवायू वापरला. याला मर्यादाही आहे. श्रम हलके किंवा मध्यम असतील तोवर संगीत थकव्यावरचे लक्ष दुसरीकडे वळवते. दम लागू लागला की शरीराच्या हाका इतक्या मोठ्या होतात की गाणे मागे पडते. त्यामुळे ही रीत सपाट रस्त्याची आहे, घाटाची नव्हे.

सायकल आधी नीट करून घ्यावी

नवी सायकल घेण्याची घाई करू नये. पुष्कळ घरांत एखादी सायकल भिंतीला टेकून पडलेली असते. कधी ती मुलाने मोटारसायकल आल्यावर सोडलेली असते, तर कधी मानव विकास कार्यक्रमातून मुलीला शाळेसाठी मिळालेली आणि शिक्षण संपल्यावर विसरलेली असते. ती गावातल्या सायकल दुकानात नेऊन पूर्ण खोलून ग्रीस भरून घ्यावी, ब्रेकचे रबर बदलावेत, चेनला तेल द्यावे आणि टायरला भेगा पडल्या असतील तर टायर बदलावे. यानंतर ती इतकी हलकी चालू लागते की नव्या सायकलीचा विचार बहुधा मागे पडतो.

सीटची उंची मात्र स्वतः तपासावी, कारण गुडघेदुखीच्या निम्म्याहून अधिक तक्रारी तिथेच जन्मतात असे माझे मत आहे. आपल्याकडे दोन्ही पाय जमिनीला पूर्ण टेकतील इतकी सीट खाली ठेवण्याची सवय आहे, आणि ती चुकीची आहे. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवावी आणि ते पायडल सर्वांत खाली न्यावे. या स्थितीत पाय सरळ झाला पाहिजे. मग टाचेऐवजी चवडा पायडलवर घेतला की गुडघ्यात हलका बाक राहतो, तो योग्य. सीट फार खाली असेल तर गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखते. फार वर असेल तर कंबर डावी-उजवीकडे डुलू लागते आणि गुडघ्याची मागची बाजू ताणली जाते. हवा किती भरावी हे टायरच्या कडेवरच छापलेले असते. आठवड्यातून एकदा ती तपासावी, कारण कमी हवेची सायकल ओढताना जो थकवा येतो त्याचा दोष लोक विनाकारण आपल्या वयाला देतात.

साडी किंवा ओढणी घालून सायकल चालवणाऱ्या स्त्रियांनी मागच्या चाकाची जाळी आणि चेनचे कव्हर बसवल्याशिवाय बाहेर पडू नये.

पायांची लय आणि गाण्याची लय

आता मुख्य काम. गाणे आवडीचे असले तरी ते पायांशी जुळतेच असे नाही, आणि न जुळणारे गाणे थोड्याच वेळात कटकट वाटू लागते. पहिल्या दिवशी गाण्याविनाच सपाट रस्त्यावर दहा मिनिटे सहज चालवावे. मग उजवा गुडघा पंधरा सेकंदांत किती वेळा वर येतो ते मोजून त्याला चारने गुणावे. उत्तर म्हणजे मिनिटाचे फेरे. गिअरची सायकल असेल तर हलका गिअर टाकून हे फेरे साठ ते सत्तरच्या दरम्यान आणावेत. एका फेऱ्यात डावा आणि उजवा असे दोन ठोके पडतात, म्हणून साठ फेऱ्यांना मिनिटाला १२० ठोक्यांचे आणि सत्तर फेऱ्यांना १४० ठोक्यांचे गाणे लागते. गाण्याचे ठोके मोजायची पद्धतही तशीच: बसल्या जागी पाय ज्या ठेक्यावर आपोआप आपटतो तो ठेका धरावा, पंधरा सेकंद मोजावेत आणि चारने गुणावे. तबल्याच्या मात्रा मोजत बसू नये. तो वेगळा अभ्यास आहे आणि त्यात सकाळ निघून जाते.

बिनगिअरच्या जुन्या सायकलीचे गणित निराळे आहे. तिच्या पायडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण पाच मीटर पुढे जाते, त्यामुळे मिनिटाला पन्नास फेरे मारले तरी वेग ताशी पंधरा किलोमीटरच्या घरात पोहोचतो. नवख्या माणसाला एवढा वेग पुरेसा असल्याने अशा सायकलीसाठी शंभरच्या आसपास ठोक्यांची गाणी निवडावीत आणि समोरून वारा असेल तर त्याहूनही संथ. जड पायडल रेटत १३० ठोक्यांच्या गाण्यामागे धावण्याने गुडघे दुखतात, आनंद मिळत नाही.

आणखी एक सोय सांगण्यासारखी आहे. साठ ते सत्तर ठोक्यांचे संथ गाणेही वाया जात नाही. त्याचा प्रत्येक ठोका फक्त उजव्या पायावर घेतला की तीच गती साधते. त्यामुळे शांत भावगीते आवडणाऱ्यांनी केवळ व्यायामासाठी दणदणीत गाण्यांची सक्ती स्वतःवर करून घेऊ नये.

गाणी कोणती?

मोबाइलवर व्यायामासाठी तयार याद्या मिळतात. त्यांतली बहुतेक गाणी एकाच ठोक्याची, एकाच आवाजाची असतात आणि आठवड्यात कंटाळा आणतात. त्यापेक्षा आपल्या भागात कानांवर पडत आलेले संगीत या कामासाठी कितीतरी अधिक योग्य आहे, आणि त्याची रचनाच अशी आहे की वेगळी आखणी करावी लागत नाही. भजन घ्या. ते संथ सुरू होते, टाळकरी हळूहळू लय वाढवतात आणि शेवटी गजर टिपेला जातो. शरीर तापवणे, मग जोर लावणे हा क्रम त्यात आपोआप येतो. कव्वालीचेही तसेच. खुलताबादच्या उरुसात ज्यांनी ती ऐकली आहे त्यांना ठाऊक असेल की पहिली काही मिनिटे शब्दांना असतात आणि टाळ्यांचा ठेका पुढे केव्हा अंगात भिनतो ते कळत नाही. मात्र अशा चढत्या लयीच्या रचना पंधरा-वीस मिनिटांच्या असू शकतात, तेव्हा त्या चार गाण्यांच्या बरोबरीच्या धराव्यात.

भीमगीते या बाबतीत अव्वल आहेत. त्यांचा ठेका ठाम असतो, कोरस प्रत्येक कडव्यानंतर परत येतो आणि शब्दांत मान वर करून चालण्याचा जोम असतो; समोरच्या वाऱ्यात थकल्यावर असे गाणे उपयोगी पडते. तुळजापूरकडच्या गोंधळातील संबळाचा ठेका वेगवान असल्याने तो यादीत मधोमध ठेवावा, सुरुवातीला नको. नाथांच्या भारुडांना अभिनयाची जोड असल्यामुळे त्यांची लय मध्येच थांबते, ती ऐकायला उत्तम पण पायडलला अडचणीची. पोवाड्याचेही तेच, शाहीर गद्यात बोलू लागला की पाय गोंधळतात. लावणी ढोलकीवर छान जुळते, आणि सकाळी सातला लावणी ऐकण्यात गैर काही नाही, एवढे या निमित्ताने सांगून ठेवतो.

यादी आठ-दहा गाण्यांहून मोठी करू नये. तिच्यात पहिले गाणे संथ असावे, मधली दोन-तीन आपल्या पायांच्या लयीची असावीत आणि परतीचे शेवटचे गाणे पुन्हा संथ असावे, म्हणजे घरी पोहोचेपर्यंत श्वास ठिकाणावर येतो. एक गाणे मात्र राखून ठेवावे: जे मनापासून आवडते आणि जे सायकलवर असतानाच ऐकायचे, स्वयंपाक करताना नाही, गाडीत नाही, झोपतानाही नाही. काही आठवड्यांत ते गाणे आणि सायकल यांची सांगड मनात पक्की होते. ते ऐकायची इच्छा झाली की सायकल काढावीच लागते. दर पंधरा दिवसांनी बाकीची यादी बदलली तरी हे गाणे बदलू नये.

कान मोकळे ठेवून संगीत

या रीतीतला सर्वांत नाजूक भाग हाच आहे आणि येथे तडजोड नको. वाहतुकीच्या रस्त्यावर दोन्ही कानांत इअरफोन घालून सायकल चालवणे धोक्याचे आहे. वेग वाढला की कानांवर वाऱ्याचा आवाज येऊ लागतो, त्यावर मात करण्यासाठी माणूस गाण्याचा आवाज वाढवतो आणि मागून येणारा टेम्पो ऐकू येत नाही. आपल्याकडे वाहने उजवीकडून पुढे जातात, म्हणून वर्दळ नसलेल्या गल्लीत फार तर डाव्या कानात एक इअरफोन चालेल, उजवा कान रस्त्यासाठी राखावा. राज्य आणि राष्ट्रीय महामार्गांवर तोही नको. समृद्धी महामार्गावर तर दुचाक्यांनाच मनाई असल्याने त्याचा विचारच करू नये. हँडलला लावलेला छोटा स्पीकर मंद आवाजात वाजवणे हा मध्यम मार्ग आहे, मात्र पहाटे गावातून जाताना तो बंद ठेवावा. आपला उत्साह शेजाऱ्यांच्या झोपेवर लादण्याचे कारण नाही.

सर्वांत चांगला उपाय यंत्राशिवायचा आहे. निघण्यापूर्वी बूट घालताना आणि हवा तपासताना यादीतले एक गाणे पूर्ण ऐकावे, मोबाइल खिशात टाकावा आणि तेच गाणे गुणगुणत निघावे. ठेका पायांत राहतो, शब्द विसरले तर कडवे पुन्हा सुरू करता येते आणि कान रस्त्याला मोकळे राहतात. यातून श्रमाचे मोजमापही हाती येते. सलग एक कडवे सहज गाता आले तर श्रम हलके आहेत. बोलता येते पण गाता येत नाही अशी अवस्था म्हणजे मध्यम श्रम. आणि दोन-चार शब्दांपुढे बोलता येत नसेल तर श्रम जोराचे झाले. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सुचवते. म्हणजे गुणगुणता येते पण आळवता येत नाही, अशी गती साधली की घड्याळाची पट्टी मनगटावर नसली तरी काम योग्य चालले आहे असे समजावे.

रक्तदाब, हृदयविकार किंवा मधुमेह असणाऱ्यांनी सुरुवात डॉक्टरांना विचारूनच करावी. मधुमेहासाठी गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी खिशात साखर किंवा गूळ ठेवावा. छातीत दाब, चक्कर किंवा विचित्र धाप जाणवली तर गाणे अर्धे सोडून तिथेच थांबावे.

ऋतू, रस्ते आणि बेत

मराठवाड्यात सायकलचे वेळापत्रक उन्हाशी बांधलेले असते. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, पण सूर्य सहाच्या आसपास उगवतो. तेव्हा फटफटताच निघावे आणि आठच्या आत घरात असावे. निघण्यापूर्वी पाणी प्यावे, बाटली बरोबर घ्यावी आणि परतल्यावर मीठ घातलेले ताक किंवा लिंबू-साखर-मिठाचे सरबत घ्यावे. जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास येतो आणि त्याआधी अंधारात निघण्याची काही गरज नाही. निघायचेच असेल तर मागे लाल दिवा आणि मडगार्डवर रेडियमची पट्टी हवी, कारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत कारखान्यांचा गाळप हंगाम चालतो आणि लातूर, धाराशिव, बीड, पैठणकडच्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्या रात्रंदिवस धावतात. त्या ट्रॅक्टरांवर इतक्या मोठ्याने गाणी वाजत असतात की चालकाला आपली घंटी ऐकू येईल अशी आशाच करू नये. ट्रॉली दिसली की रस्ता सोडून बाजूला उभे राहावे.

जूननंतर पश्चिमेकडून वारा जोराने वाहतो. अशा वेळी जाताना वाऱ्याच्या तोंडावर आणि येताना वारा पाठीशी असा मार्ग निवडावा. उलट केले तर परतीची दोन गाणी चार गाण्यांएवढी लांबतात. पावसात काळ्या मातीच्या पाणंदीने जाऊ नये. चिकट माती टायर आणि मडगार्डमध्ये अशी भरते की चाक फिरायचे थांबते आणि सायकल खांद्यावर घेऊन यावे लागते. पावसाळा संपल्यावर वेगळी पंचाईत सुरू होते: कडेच्या गवतातले सराटे आणि कुंपणाच्या बाभळीचे काटे. पंक्चरचे सामान, छोटा पंप आणि एक जास्तीची ट्यूब सीटखाली बांधून ठेवावी. सुगीत रस्त्यावरच तूर किंवा सोयाबीन पसरलेले दिसते. त्यावर ब्रेक लावला तर चाक घसरते, म्हणून आधीच वेग कमी करावा.

सुरुवातीसाठी वर्दळ नसलेली, डांबरी आणि सावलीची जागा शोधावी. परभणीत वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा परिसर, छत्रपती संभाजीनगरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा परिसर आणि नांदेडला विष्णुपुरीकडचा भाग सकाळच्या वेळी डोळ्यांसमोर ठेवता येतील. लहान गावात तालुक्याला जाणारा मोठा रस्ता टाळून दोन वाड्यांना जोडणारा आतला रस्ता धरावा. कुत्री मागे लागली तर वेग वाढवू नये. खाली उतरून सायकल मध्ये धरावी आणि चालत पुढे जावे. धावणारे चाक दिसेनासे झाले की त्यांचा उत्साह सहसा ओसरतो.

पहिल्या आठवड्यात चार गाणी, आठवड्यातून चार दिवस. पुढे दर आठवड्याला रोजच्या यादीत एकच गाणे वाढवावे, आणि सात गाण्यांपाशी पोहोचल्यावर दिवस चारचे पाच करावेत. पाच दिवस, रोज सात गाणी, म्हणजे आठवड्याला सुमारे १५० मिनिटे; तिथे पोहोचायला घाईची आवश्यकता नाही. लग्नसराईत किंवा पेरणीच्या दिवसांत खंड पडणारच. खंड पडल्यावर जिथे सोडले तिथून सुरू करण्याचा हट्ट न धरता पहिल्या दिवशी राखीव गाणे आणि त्याच्या जोडीला आणखी एक, अशा दोनच गाण्यांवर परत यावे आणि आठवडाभरात पूर्वीच्या संख्येपर्यंत जावे. जोडीदार मिळाला तर यादी आळीपाळीने करावी. एक दिवस एकाची, दुसऱ्या दिवशी दुसऱ्याची; नावडत्या गाण्यावर होणारी थट्टाही चार गाणी लवकर संपवते.

तीन महिन्यांनंतर ज्याला अंतर मोजायचे असेल त्याने खुशाल मोजावे. संभाजीनगरकरांना दौलताबाद हे पहिले चांगले उद्दिष्ट आहे: शहरापासून साधारण पंधरा किलोमीटर, किल्ल्यापाशी चहा आणि परत. मात्र या रस्त्यावर पर्यटकांच्या गाड्यांची वर्दळ असते, म्हणून रविवार टाळून उजाडताच निघावे आणि गाणे मनातच ठेवावे. त्यापुढचा खुलताबादचा घाट दौलताबादला जाऊन येणे दोन-तीनदा सहज जमल्यावरच घ्यावा. चढ सुरू होण्यापूर्वी गुणगुणणे थांबवावे, सर्वांत हलका गिअर टाकावा आणि श्वासाच्या लयीवर पायडल मारावे; गिअर नसेल तर उतरून सायकल ढकलत चढण्यात कमीपणा मानू नये. उतरताना दोन्ही ब्रेक थोडे थोडे, आलटून पालटून दाबावेत, वळण येण्याआधी वेग कमी करून घ्यावा आणि घाट पूर्ण उतरून सपाट रस्ता लागेपर्यंत पुढचे गाणे सुरू करू नये.